फळेवाल्याचे शनिवार

सोमवार, ४

मामांनी आज सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं आणि जाहीर केलं की येत्या शनिवारपासून तीन शनिवार दुपारी एक माणूस आपल्याला शिकवायला येणार. विषय, वकिलांसाठी नेतृत्व आणि ऑफिसचं व्यवस्थापन. मी खाली मान घालून हसू दाबलं. ज्यांच्या एका खाकरण्याने अख्खं ऑफिस ताठ बसतं त्यांना नेतृत्व कोण शिकवणार?

आणि मुळात मामांनी आयुष्यात कुणाचं ऐकलेलं नाही. हल्ली तर अजिबातच ऐकत नाहीत. मी काही सांगायला जावं तर ते सरळ कागद उलटत बसतात. असा माणूस पैसे, वेळ आणि तीन शनिवार खर्चून शिकवणी लावतो, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

ही वही मी त्यासाठीच काढली. ऑफिसात आम्ही चौघे. मामा, म्हणजे आईचे सख्खे भाऊ. दुसरा 'हरकत', मामांचा ज्युनियर. कोर्टात आणि कोर्टाबाहेर, चहात साखर कमी पडली तरी हरकत घेतो म्हणून हे नाव. तिसरा मी. फायली वाहतो, नकला काढतो, तारखा टिपतो. लॉ कॉलेज मी मधेच सोडलं. वर्गातल्या लुटुपुटीच्या खटल्यात सरांना सगळ्यांदेखत खोटारडे म्हणालो होतो आणि माफी मागायला तयार नव्हतो. सर खोटारडेच होते.

चौथी ती. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही, वही आईच्या हाती लागली तर संपलं. ती दोन वर्षांपूर्वी मामांकडे ज्युनियर म्हणून आली, आणि मी कॉलेज सोडून इथे टिकलो त्याचं कारणही तेच. मामी गेल्या, मूलबाळ नाही, त्यामुळे आई म्हणते की ऑफिस शेवटी तुझंच. असेल. पण ऑफिस मिळालं आणि ती नसली तर त्या तीन खोल्यांचं काय लोणचं घालायचंय मला?

शनिवार, ९

आला तो. बगलेत भला मोठा पांढरा फळा घेऊन दोन जिने चढून धापा टाकत आला. मी त्याचं नाव फळेवाला ठेवलं. घरी सांगितलं तर आई म्हणाली, ऑफिसात फळं कशाला?

पंचेचाळिशीचा असेल. शर्टाला कडक इस्त्री आणि आवाज नको तेवढा मोठा. हा एकेकाळी मामांचाच ज्युनियर होता आणि वकिली सोडून गेला होता. हे त्याने स्वतःच हसत सांगितलं. म्हणाला, साहेबांनी माझं कधी ऐकलं नाही, म्हणून मी सोडून गेलो. यावर मामांनी चिडायला हवं होतं. ते त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि जरा वेळाने हसले. सोडून गेलेला माणूस परत येतो तेव्हा काहीतरी न्यायलाच येतो.

पहिला धडा असा. वकील ऑफिस चालवतात ते उलटतपासणी घेतल्यासारखं. हाताखालच्या माणसाला साक्षीदार समजतात, 'हो की नाही एवढंच सांग' म्हणतात. मामांचा तर नियमच आहे की ज्याचं उत्तर आपल्याला आधी माहीत नाही असा प्रश्न साक्षीदाराला कधी विचारायचा नाही. फळेवाला म्हणाला, कोर्टात ठीक आहे, पण ऑफिसात ज्याचं उत्तर माहीत नाही तोच प्रश्न विचारायचा आणि मग गप्प बसून ऐकायचं. हरकतने तीनदा हरकत घेतली.

एक गोष्ट टिपून ठेवतो. मामांनी आपली खुर्ची हलवली आहे. इतकी वर्षं खिडकीशी होती, ती आता अशी की डावा खांदा भिंतीला लागतो आणि बाकी सगळे उजव्या हाताला. पाठ आणि डावी बाजू झाकून बसणाऱ्या माणसाला कसली तरी भीती असते. उजवीकडची पहिली खुर्ची तिला.

मंगळवार, १२

आज शनिवार नसताना फळेवाला आला. मामा, तो आणि ती, दार लावून. मी बाहेर नकला जुळवत होतो. तिचा आवाज एरवी इतका हळू असतो की मला दोन पावलं पुढे जायला मिळतात. आज दाराबाहेर शब्द न् शब्द येत होता. "पुढचं सगळं माझ्या नावावर?" तिने विचारलं. आणि मामा म्हणाले, "सगळं. पण हळूहळू, कुणाला कळू न देता."

माझ्या कानशिलातून वाफा निघाल्या. सगळं म्हणजे काय काय?

ते दोघे गेल्यावर मी दारातूनच मामांना विचारलं की बेकरीवाल्याच्या खटल्यात पुढची तारीख घ्यायची का, म्हणजे हरकतला अर्ज द्यायला सांगतो. मामांनी मान वर न करता 'हो, हो' म्हणून हात हलवला.

गुरुवार, १४

बेकरीवाला आमचा पक्षकार, भाडेकरू. त्याच्या खटल्यात आज जागामालकाच्या रखवालदाराची उलटतपासणी होती. बेकरी रिकामी पडली होती म्हणून ती परत द्या, असा मालकाचा दावा आहे. सगळा डोलारा त्या रखवालदाराच्या साक्षीवर. मामा झगा चढवून कोर्टात पोचले तर हरकतने तारीख घेऊन ठेवलेली, २९. बेकरीवाला बिचारा दुकान बंद ठेवून आला होता.

मामा ऑफिसात येऊन माझ्यावर कडाडले, तुला कोणी सांगितलं होतं. मी म्हटलं, तुम्हीच. ते म्हणाले, मी कधी? आणि त्यांचा चेहरा असा की कुणालाही वाटावं खरंच त्यांनी ऐकलेलं नाही. तीस वर्षं कोर्टात काढलेला माणूस, चेहरा करणं त्यांना कोण शिकवणार.

मी तोंड उघडणार तेवढ्यात ती मधे आली. साहेब, माझी चूक, मीच त्याला तारीख घ्यायला सांगितलं होतं, म्हणाली. चक्क खोटं. माझ्यासाठी खोटं बोलली असं म्हणावं तर ती माझ्याकडे बघत नव्हती, मामांकडे बघत होती. मला ऑफिसातून घालवण्यासाठी मामा सापळा लावताहेत आणि ती त्यांना सावरतेय, याखेरीज दुसरा अर्थ निघत नाही.

संध्याकाळी जिन्यात तिने मला थांबवलं. मला वाटलं आता सांगेल. तर म्हणाली की लॉच्या राहिलेल्या परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत आहे अजून, भरून टाक. मी विचारलं, मला घालवायची इतकी घाई झालीय का? ती म्हणाली, "तू वकील झालास तर मला बरं पडेल." बरं पडेल. जेवतानाही तेच शब्द डोक्यात. 'बरं वाटेल' म्हणाली असती तर गोष्ट वेगळी होती. 'बरं पडेल' हे तर नवीन कपाटाबद्दलही म्हणतात.

शनिवार, १६

आजचा विषय, काम सोपवणं. फळेवाल्याने फळ्यावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला फक्त साहेबांनीच करायची कामं, दुसऱ्या बाजूला इतरांना देता येतील अशी. मामांनी पेन घेतलं आणि सगळी कामं आपल्या बाजूला लिहिली. पाकिटांना डिंक लावणं तेवढं माझ्या वाट्याला आलं. हरकतला काहीच नाही, त्यावर त्याची हरकत.

मग ती उठली. एकेक ओळ पुसायची, मामांकडे बघायची, त्यांनी मान हलवली की पलीकडे लिहायची. पक्षकारांशी पहिली बैठक, पलीकडे. दाव्याचे मसुदे, पलीकडे. रोज सकाळी उभ्या उभ्या पंधरा मिनिटं सगळ्यांनी भेटायचं, तेही तिनेच चालवायचं. शेवटी मामांच्या बाजूला एकच शब्द उरला, उलटतपासणी. तिने डस्टर उचललं आणि थांबली. मामा त्या शब्दाकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच तळहाताने तो पुसला आणि रुमालाला हात पुसत बसले.

हे लुटणं नाही तर काय? आणि वर फळेवाला म्हणतो, ऑफिसचा वारस रक्ताचाच असला पाहिजे असं नाही. बोलताना माझ्याकडे बघितलं नाही, म्हणजे माझ्याबद्दलच बोलला.

त्यानंतर जोडीजोडीने ऐकण्याचा सराव. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकून जसंच्या तसं परत सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. मला हरकत मिळाला. तो पाच वाक्यं बोलला, मी परत सांगताना त्यात माझी तीन मतं आणि एक टोमणा गेला. समोर मामा आणि ती. लिहायलाही हात धजत नाही, पण मामा पूर्ण वेळ तिच्या ओठांकडे बघत होते. टक लावून. पापणी न हलवता. माझा सख्खा मामा.

सोमवार, १८

आईला आडून विचारलं, मामांच्या मनात पुन्हा लग्नाचं वगैरे आहे का. आई आधी हसली, मग तिलाही किडा चावला. म्हणाली, तरीच. हल्ली मी फोनवर एक विचारते, तो भलतंच उत्तर देतो आणि घाईघाईने ठेवून देतो. मन दुसरीकडे असल्याशिवाय माणूस असं करत नाही.

म्हणजे संशय एकट्या माझा नाही.

बुधवार, २०

चारच्या सुमाराला मामा आणि ती एकत्र निघाले. मला सांगितलं, कोर्टात जातोय. कोर्ट उजवीकडे, हे वळले डावीकडे. मी मागे.

बाजाराच्या टोकाला एक चारमजली इमारत आहे. दोघे आत शिरले. मी समोर एका टेम्पोआड उभा राहून दर्शनी पाट्या वाचल्या. तळाला चष्म्याचं दुकान, पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना, दुसऱ्यावर कान-नाक-घसा, तिसऱ्यावर 'विवाह व भागीदारी नोंदणी सल्लागार'. म्हणजे तिसरा मजला. विवाह की भागीदारी, एवढाच प्रश्न. माझ्या दृष्टीने दोन्हीत मी मेलेलाच.

बराच वेळ वर होते. उतरले तेव्हा मामा एकदम थकल्यासारखे वाटले. तिने त्यांचा कोपर धरला होता आणि दुसऱ्या हाताने एक छोटी चौकोनी डबी पर्समध्ये टाकली. अंगठीची असते तेवढी.

टेम्पोवाला म्हणाला, भाऊ, गाडी काढायचीय, बाजूला होता का. मी त्याच्याशीही भांडलो.

शनिवार, २३

जे झालं ते क्रमाने लिहितो.

फळेवाला म्हणाला, आज प्रत्येकाने साहेबांना असा एक प्रश्न विचारायचा ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही. मामा फळ्याशी होते, आमच्याकडे पाठ करून वर तारीख लिहीत होते. त्यांच्या वळण्याची वाट बघावी एवढा धीर माझ्यात नव्हता. मी उभा राहिलो. "मामा, हे ऑफिस तुम्ही हिला देऊन टाकताय की नाही?"

पेन कुरकुरत राहिलं. मामांनी तारखेखाली रेघ मारली.

मला वाटलं, उत्तर चुकवताहेत. मी आवाज चढवला. "बुधवारी तुम्ही आणि ही त्या इमारतीत गेला होता. हे खरं आहे की नाही? मी विचारतोय. हो की नाही एवढंच सांगा."

ती अर्धवट उठली होती. फळेवाल्याने हात वर केला, मला थांबवायला. आणि मामा सावकाश रेघ पूर्ण करून, टोपण लावून वळले. चेहऱ्यावर हसू. "काय रे, कुणालाच प्रश्न नाही? सगळे एवढे गप्प?"

मामांनी एकेकाचं तोंड बघितलं. मग हरकत म्हणाला, हसत, "साहेबांना ऐकूच आलं नाही की." एरवी कशावरही हरकत घेणारा तो माणूस, याच्यावर नाही.

ते वाक्य मात्र मामांनी त्याच्या ओठांवर वाचलं. ते माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत म्हणाले, "आज एवढं पुरे."

जिन्यात तिने मला गाठलं. रागावली असती तर बरं झालं असतं. अगदी कोरड्या आवाजात म्हणाली की आम्ही तिसऱ्या नाही, दुसऱ्या मजल्यावर गेलो होतो. साहेबांचा डावा कान वर्षभरापूर्वीच गेला, उजवा चाललाय. बेकरीवाल्याचा निकाल लागेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, तोवर एकेक काम दुसऱ्यांच्या हाती द्यायचं आणि मग सगळ्या वकिलांना त्यांनी स्वतः सांगायचं, असं ठरलं होतं. आता हरकतला कळलंय, म्हणजे सोमवारी बाररूमला कळेल.

मी एवढंच विचारू शकलो, मग अंगठी?

कसली अंगठी, ती म्हणाली. मग तिला समजलं. तिने पर्समधून डबी काढून माझ्यापुढे उघडली. आत कानात घालायचं यंत्र, करड्या रंगाचं, बोटाच्या पेराएवढं. साहेब ते कोर्टात घालायला तयार नाहीत, म्हणाली. लोक कानाकडे बघतील, प्रश्नाकडे नाही, असं म्हणतात.

डबी मिटून ती खाली उतरून गेली.

रविवार, २४

मामांच्या घरी गेलो. ते पेपर वाचत होते. मी समोर उभा राहून मोठ्याने म्हणालो, चुकलं माझं. ते म्हणाले, "ओरडू नकोस. तोंड दिसेल असं बोल, पुरे."

मग त्यांनीच सांगितलं. ऑफिस तिच्या नावाने चालेल. तुझ्या आईला काय सांगायचं ते मी सांगेन. तुझ्यासाठी खुर्ची आहे, पण पास होऊन आलास तर. भाचा म्हणून नाही.

मला राग यायला हवा होता. शोधला, सापडला नाही.

मंगळवार, २६

पसरलं. कोर्टाच्या व्हरांड्यात मालकाचा वकील मामांसमोर येऊन नुसते ओठ हलवून गेला, आवाज न काढता. मागचे चारपाच झगे खो खो हसले. मामांना वाटलं नमस्कार केला. त्यांनीही हसून मान लववली.

मी त्याच्या गळपट्टीपर्यंत पोचलोच होतो. तिने माझी बाही धरली.

"पुन्हा तेच करणार?"

मी म्हटलं, मग काय करू ते सांग. ती म्हणाली, शुक्रवारी साहेबांशेजारी बस. साक्षीदार जे बोलेल ते जसंच्या तसं कागदावर लिहून त्यांच्यापुढे सरकव. तुझं मत नको, टोमणा नको. जमेल?

मी हो म्हटलं. आजवर असं एक वाक्य मी लिहिलेलं नाही, या वहीत तर नाहीच. जेवण झाल्यावर आईला बोलायला लावलं आणि लिहून बघितलं. ती मामांच्या कानाबद्दल बोलत होती आणि मधेच फोनवरच्या त्या उत्तरांवर आली तशी थांबली. मी ते थांबणंही लिहिलं. मग आठवलं, तेवढं चालत नाही. खोडलं.

शुक्रवार, २९

उलटतपासणी झाली.

मालकाच्या वकिलाने सुरुवातीलाच न्यायाधीशांना काहीतरी सांगितलं ते छातीवरच्या बटणांशी बोलल्यासारखं. मला पुढच्या बाकावरून अर्धं ऐकू आलं. त्याने मामांकडे बघून विचारलं, यावर विद्वान मित्रांचं काय म्हणणं?

कोर्ट वाट बघत राहिलं. माझा कागद अजून कोराच होता.

मामा उठले. म्हणाले की मित्रांनी काय म्हटलं ते मला ऐकू आलेलं नाही. मला एका कानाने अजिबात आणि दुसऱ्याने फार कमी ऐकू येतं. त्यांनी आणि साक्षीदाराने मोठ्याने बोलावं अशी विनंती आहे. आणि उलटतपासणी माझ्या सहकारी घेतील, त्या माझ्यापेक्षा चांगलं ऐकतात. मग त्यांनी खिशातून ते यंत्र काढलं आणि सगळ्यांसमोर कानात बसवलं. लवकर बसेना. कुणी हसलं नाही.

तिने रखवालदाराला सुरुवातीचे प्रश्न मामांच्या पद्धतीने विचारले, हो की नाहीचे. मी लिहीत होतो, कागद सरकवत होतो. मग तिने विचारलं, "बेकरी रिकामी होती हे तुम्हाला कसं कळलं?" मी तो प्रश्न मामांपुढे सरकवला आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. उत्तर माहीत नसलेला प्रश्न, तोही 'कसं' वाला. साक्षीदाराला मोकळं रान.

रखवालदार गोंधळला. म्हणाला, मालकांनी तसं सांगायला सांगितलं. मी तर रोज सकाळी पाव तिथूनच नेतो.

मी जसंच्या तसं लिहिलं. पदरचं काही घातलं नाही. मामांनी ते दोनदा वाचलं. शेजारच्या बाकावर बेकरीवाल्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

बाहेर आल्यावर मामा तिला म्हणाले, हा प्रश्न मी विचारला नसता. ती म्हणाली, माहीत आहे. दोघेही खूश होते. व्हरांड्यात गर्दी होती. मामा माझ्या खांद्यावर हात टाकून कानाशी वाकले आणि, आपण कुजबुजतोय अशा समजुतीने, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "तुला ही आवडते ना रे?"

दोन वकील आणि एक शिपाई वळून बघू लागले. ती चार पावलं पुढे होती, तीही थांबली. मी मान खाली घालून काहीतरी पुटपुटलो.

"काय? तोंड वर करून बोल."

"हो," मी तोंड वर करून म्हणालो. "आवडते."

ती फाइल छातीशी धरून परत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मामांकडे तिची पाठ होती. ती नेहमीच्या तिच्या हळू आवाजात बोलली, आणि मला दोन पावलं पुढे जावं लागलं नाही. बोलून झाल्यावर ती पक्षकाराकडे निघून गेली.

"काय म्हणाली?" मामांनी विचारलं. यंत्र अजून त्यांच्या कानात नीट बसलेलं नव्हतं.

मी त्यांच्या समोर गेलो, माझं तोंड दिसेल असा उभा राहिलो आणि सांगितलं. "म्हणाली, नाही रे. माझ्या मनात तसं काही नाही आणि होणारही नाही. उद्या दहाला ये, नवीन पक्षकार येणार आहे."

"एवढंच?"

"एवढंच."